आष्टीचा गोठा आणि पडद्यामागची अवजारे

बीड, प्रतिनिधी

बीड जिल्ह्यातील आष्टीला रेल्वे पोहोचली ती सप्टेंबर २०२२ मध्ये. त्याच्या दोन वर्षे आधी, टाळेबंदीच्या काळात, याच तालुक्यातील सांगवी पाटण येथे मोबाइलचे फोरजी जाळे मात्र येऊन ठेपले होते. गावात ते धड मिळत नसे. टेकडीवरच्या एका गोठ्यापाशी बऱ्यापैकी मिळे. पुण्यातील कार्यालय बंद करून गावी परतलेल्या दादासाहेब भगत यांनी त्या गोठ्यातच संगणक मांडले, गावातील मित्रांना हाताशी धरले आणि ब्राउझरमध्ये चालणाऱ्या चित्ररचनेच्या सॉफ्टवेअरचे काम पुढे नेले. 'डूग्राफिक्स' या नावाचे हे सॉफ्टवेअर पुढे २०२४ मध्ये 'शार्क टँक इंडिया' या दूरचित्रवाणी कार्यक्रमात आले आणि उद्योजक अमन गुप्ता यांनी दहा टक्के भागीदारीच्या बदल्यात त्यात एक कोटी रुपये गुंतवण्याची तयारी दाखवली.

भगत यांची कहाणी एव्हाना बहुतेकांना ठाऊक झाली आहे. आयटीआयपर्यंतचे शिक्षण, इन्फोसिसमध्ये दरमहा नऊ हजार रुपयांवर ऑफिस बॉयची नोकरी, तेथे संगणकावर काम करणाऱ्यांकडे पाहून जागे झालेले कुतूहल, मग ॲनिमेशनचा अभ्यासक्रम, मुंबई आणि हैदराबाद येथील कामे, हैदराबादेत असतानाच शिकलेल्या पायथन आणि सी प्लस प्लस या दोन भाषा. एका अपघाताने अंथरुणाला खिळल्यावर त्यांनी नोकरी सोडून पुन्हा पुन्हा वापरता येतील असे नमुने, म्हणजे टेम्प्लेट, तयार करून विकण्यास सुरुवात केली आणि २०१५ मध्ये 'नाइन्थमोशन' ही कंपनी काढली. टेम्प्लेट विकणाऱ्याने पुढे टेम्प्लेट बदलण्याचे साधनच ग्राहकाच्या हाती द्यावे, हे ओघानेच आले.

येथून पुढची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. चित्र हलवता, ताणता, रंगवता येते असा फलक ब्राउझरमध्ये उभा करायचा तर विकसकापुढे कोणती अवजारे असतात? त्यांतील कोणते निवडावे, आणि चुकीचे निवडले तर काय होते? आयुष्यभराची पुंजी लावून धंद्यात उतरलेल्या लहान विकसकासाठी हा प्रश्न शोभेचा नाही. या क्षेत्रात चांगली चाललेली दुकाने केवळ अवजार कालबाह्य झाले म्हणून बंद पडली आहेत.

पत्र आणि पाटी

संकेतस्थळ मुळात पत्रासारखे होते. वाचकाने दुव्यावर टिचकी मारली की मागणी दूरच्या सर्व्हरकडे जाई आणि तेथून पूर्ण नवे पान येई. रेल्वेचे वेळापत्रक किंवा बातमी वाचण्यासाठी हे पुरेसे आहे. पण लग्नपत्रिकेवरचा गणपती बोटभर डावीकडे सरकवायचा असेल आणि दर वेळी नवे पान येण्याची वाट पाहायची असेल, तर ती पत्रिका मुहूर्तापूर्वी छापून होणे कठीण. चित्ररचनेला पत्र नको, पाटी हवी. हात फिरला की रेघ उमटली पाहिजे.

ही पाटी डेस्कटॉपवर फार पूर्वीपासून होती. संगणकात बसवलेले सॉफ्टवेअर पडद्यावर स्वतः चित्र काढते, यंत्राची सारी शक्ती वापरते, जाळे नसले तरी अडत नाही. अडचण दुसरीकडे असते. ते प्रत्येक यंत्रावर बसवावे लागते, विंडोज आणि मॅकसाठी वेगळे घडवावे लागते, आणि नवी आवृत्ती काढली तरी ग्राहक जुनीच वापरत बसतो. संकेतस्थळाला यांपैकी काहीच लागू नाही. पत्ता टंकला की ताजी आवृत्ती हजर. डेस्कटॉपची चपळाई आणि संकेतस्थळाची सुलभता एकाच ठिकाणी आणण्याची धडपड गेली दोन दशके चालू आहे, आणि या धडपडीत अवजारांची मोठी स्मशानभूमी तयार झाली आहे.

दुसरे 'फ्लेक्स'

बीडमध्ये फ्लेक्स म्हटले की चौकात लागलेला वाढदिवसाचा फलक डोळ्यांपुढे येतो. संगणकाच्या दुनियेत याच नावाचे एक अवजार २००४ मध्ये मॅक्रोमीडिया कंपनीने आणले होते. ब्राउझरमध्ये 'फ्लॅश' नावाचा जोडभाग बसवायचा आणि त्याच्या आधाराने डेस्कटॉपसारखे पडदे उभे करायचे, असा त्याचा बेत होता. फ्लॅशचे तेव्हा राज्य होते. नाचत्या जाहिराती, खेळ, चलचित्रे, शैक्षणिक सीडी, सारे त्याच्यावर चाले. २००५ मध्ये ॲडोबीने मॅक्रोमीडिया विकत घेतली आणि २००८ मध्ये 'एआयआर' हे भावंड आणले. संकेतस्थळासाठी लिहिलेले तेच काम डेस्कटॉपवरही चालावे हा त्याचा हेतू. मायक्रोसॉफ्ट मागे राहणार नव्हती. तिने २००७ मध्ये 'सिल्व्हरलाइट' काढले. त्या काळी नव्या विकसकाला कोणी सल्ला विचारला असता तर यांपैकीच एखादे नाव पुढे आले असते.

त्याच सुमारास एक साधी वाट निघत होती. ब्राउझरमध्ये आधीपासून असलेली जावास्क्रिप्ट भाषा वापरून पान न बदलता मागच्या मागे सर्व्हरकडून माहिती आणता येते, हे २००४ मध्ये जीमेलने आणि २००५ च्या फेब्रुवारीत गुगल मॅप्सने दाखवून दिले. नकाशा बोटाने ओढावा तसा माऊसने ओढता येऊ लागला, तेव्हा पाहणारे थक्क झाले. जेसी जेम्स गॅरेट यांनी त्याच महिन्यात या पद्धतीला 'एजॅक्स' हे नाव दिले. गंमत अशी की यामागील मूळ सोय मायक्रोसॉफ्टने १९९९ मध्येच आपल्या ब्राउझरमध्ये देऊन ठेवली होती. तिचे मोल इतरांनी ओळखले.

पुढे काय झाले ते सर्वज्ञात आहे. आयफोनवर फ्लॅश कधीच आले नाही. स्टीव्ह जॉब्स यांनी एप्रिल २०१० मध्ये जाहीर पत्र लिहून त्याची कारणे दिली. फ्लेक्स २०११ च्या अखेरीस अपाची या संस्थेच्या स्वाधीन झाले, एआयआर २०१९ मध्ये दुसऱ्या कंपनीकडे गेले, सिल्व्हरलाइटचा आधार ऑक्टोबर २०२१ मध्ये संपला. आणि सांगवी पाटणच्या टेकडीवर गोठ्यात संगणक लागले त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबर २०२० रोजी, ॲडोबीने फ्लॅशचा आधार कायमचा काढून घेतला. बारा दिवसांनी फ्लॅशने आपली चित्रे दाखवणेही थांबवले. त्यावर वर्षानुवर्षे उभे केलेले खेळ आणि अभ्यासक्रम एका रात्रीत ग्रामोफोनच्या तबकड्यांसारखे झाले.

ही अवजारे तांत्रिकदृष्ट्या वाईट होती असे मुळीच नाही. फ्लेक्समध्ये काम केलेले जुने विकसक आजही त्याची आठवण काढतात. पण ती एकेका कंपनीच्या मालकीची होती. मालकाचे गणित बदलले आणि भाडेकरूला घर सोडावे लागले.

रंगवलेली भिंत

आज ब्राउझरमध्ये पडदा उभारण्याच्या मुख्य वाटा कोणा एका कंपनीच्या नाहीत, त्या सर्वमान्य मानकांत बसलेल्या आहेत. तरी त्यांत निवड करावीच लागते.

पहिली वाट नेहमीच्या पानाची. शीर्षक, परिच्छेद, चित्र, बटण हे प्रत्येक घटक ब्राउझर स्वतः ओळखतो आणि लक्षात ठेवतो. पाटीवर चिकटवलेल्या चुंबकी अक्षरांसारखे हे आहे. कोणतेही उचला, हलवा. २००१ पासून मानक असलेली एसव्हीजी ही रेखाचित्रांची पद्धतही याच जातीची. आकार कितीही मोठा केला तरी कड फाटत नाही, हा तिचा मोठा गुण. मात्र अक्षरे हजारांच्या घरात गेली की पाटी जड होते.

दुसरी वाट 'कॅनव्हास'ची. ॲपलने २००४ मध्ये आपल्या कामासाठी काढलेला हा घटक पुढे सर्व ब्राउझरांनी स्वीकारला. तो रंगवलेल्या भिंतीसारखा असतो. पेंटरने भिंतीवर गुलाब काढला, की भिंतीला तो गुलाब आहे हे ठाऊक नसते. तेथे फक्त रंग असतो. ग्राहकाने 'गुलाब जरा वर घ्या' म्हटले तर भिंत पुसून पुन्हा रंगवावी लागते. म्हणून कॅनव्हास वापरणाऱ्या विकसकाला स्वतःची वही ठेवावी लागते. कोणती वस्तू कोठे आहे, कोणाच्या वर आहे, किती फिरवलेली आहे, हे त्या वहीत नोंदायचे, आणि माऊस हलला की वहीवरून सारे चित्र नव्याने काढायचे. हालचाल डोळ्यांना सलग वाटावी तर हे सेकंदाला साठ वेळा, म्हणजे दर सोळा मिलिसेकंदांनी व्हावे लागते. शिवाय भिंतीवरचे अक्षर दृष्टिहीनांसाठी पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला दिसत नाही. त्याची सोय वेगळी करावी लागते, आणि बहुतेक जण ती करत नाहीत.

तिसरी वाट थोडी अवघड, पण भगत यांच्यासारख्या सी प्लस प्लस जाणणाऱ्या विकसकाच्या ओळखीची. संगणकातील चित्रकामाच्या चिपला थेट आज्ञा देणारे 'वेबजीएल' हे मानक २०११ मध्ये आले. सी प्लस प्लससारख्या भाषांत लिहिलेली आज्ञावली ब्राउझरमध्ये जवळजवळ मूळ वेगाने चालवणारे 'वेबअसेम्ब्ली' २०१७ पासून प्रमुख ब्राउझरांत आहे. 'फिग्मा' हे जगभर वापरले जाणारे रचनासाधन याच मार्गाने उभे राहिले. डेस्कटॉपवर जुना संसार असलेल्या फोटोशॉपलाही २०२१ मध्ये ब्राउझरमध्ये पहिले पाऊल टाकता आले ते वेबअसेम्ब्लीमुळेच.

उलट दिशेचा प्रवासही चालू आहे, ब्राउझरमधून डेस्कटॉपकडे. गिटहबने २०१३ मध्ये सुरू केलेले 'इलेक्ट्रॉन' ही त्याची रूढ वाट. त्यात संकेतस्थळाचीच मांडणी घेऊन तिच्यासोबत एक अख्खा ब्राउझर गुंडाळून दिला जातो. व्हीएस कोड, स्लॅक अशी नामांकित सॉफ्टवेअरे अशीच बनली आहेत. किंमत चुकवावी लागते ती जागेची: 'नमस्कार' एवढेच दाखवणारे सॉफ्टवेअरसुद्धा शंभर एमबीच्या पुढे जाते. २०२२ मध्ये पहिली पक्की आवृत्ती निघालेले 'टॉरी' यावर उपाय म्हणून यंत्रात आधीच असलेला ब्राउझरचा भाग वापरते, त्यामुळे तेच काम काही एमबींत भागते. मात्र वेगवेगळ्या यंत्रांवर थोडेफार वेगळे दिसण्याची शक्यता राहते. सर्वांत जुनी वाट १९९५ पासूनच्या 'क्यूट' या संचाची. ॲनिमेशनवाल्यांच्या 'माया' या सॉफ्टवेअरचा पडदा त्यावरच उभा आहे. पायथनमधूनही तो चालवता येत असल्याने ॲनिमेशनकडून आज्ञावलीकडे वळलेल्या अनेकांची इंटरफेसशी पहिली गाठ येथेच पडते.

आचार्य की आचारी?

एवढे झाले तरी मराठी मुलखात विकायच्या साधनाची खरी परीक्षा पुढेच असते. ती देवनागरीची.

कॅनव्हासला मजकूर दिला की तो एका ओळीत काढून मोकळा होतो. ओळ कोठे तोडायची हे विकसकाने ठरवायचे. इंग्रजीत हे सोपे, मराठीत जपून करावे लागते. 'स्त्री' हा शब्द वाचणाऱ्याला एकच अक्षर वाटतो; संगणकाच्या लेखी त्यात सहा चिन्हे आहेत: स, हलन्त, त, पुन्हा हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. बॅनरवर अर्धगोलात अक्षरे मांडायची सोय बहुतेक साधनांत असते. तिथे विकसकाने चिन्हागणिक तोडले, तर स्त्रीचे तुकडे कमानीवर विखुरतात आणि मध्ये ठिपक्यांची वर्तुळे उमटतात. खुद्द युनिकोडच्या नियमांतही देवनागरी जोडाक्षर अखंड धरण्याची तरतूद आली ती २०२३ मधील १५.१ या आवृत्तीत. त्यापूर्वीच्या नियमाने स्त्रीचे तीन खंड पडत.

अक्षरांतील अंतर वाढवण्याची खूण इंग्रजी मथळ्याला शोभा देते. मराठीत तीच वापरली की शिरोरेषा तुटून शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात आणि टंकनात व्यंजनानंतर येते, दिसते मात्र आधी. माऊसने निवडताना कर्सर भलतीकडेच उभा राहतो. मराठी वळणाचे ल आणि श हिंदी वळणापेक्षा वेगळे असतात. अनेक फॉन्टांत दोन्ही वळणे असतात, पण मजकूर मराठी आहे हे आज्ञावलीने सांगितल्याशिवाय फॉन्ट मराठी वळण देत नाही. आणि सर्वांत घातक चूक रफाराची. आचार्यास दिलेले निमंत्रण आणि आचाऱ्यास दिलेली सूचना यांत केवळ एका रकाराचे रूप वेगळे आहे. साधनाने ते सांभाळले नाही तर मांडवात गोंधळ ठरलेला!

छपाईच्या दुकानांत अजूनही जुन्या, युनिकोडपूर्व पद्धतीच्या फॉन्टांत केलेल्या फायली फिरतात. त्यांत पडद्यावर मराठी दिसते, आत मात्र इंग्रजी चिन्हेच साठवलेली असतात. तो मजकूर उचलून ब्राउझरमधील साधनात टाकला की केवळ कचरा उमटतो. म्हणजे परिवर्तकही हवा. जगभराच्या ग्राहकांसाठी बनलेल्या मोठ्या परदेशी साधनांत ही कामे यादीच्या तळाशी असतात, आणि म्हणूनच स्थानिक विकसकाला येथे जागा आहे. कॅनव्हासारखी ऑस्ट्रेलियन कंपनी २०१३ पासून या धंद्यात पाय रोवून उभी असताना गावातून निघालेल्या स्पर्धकाने तिच्याशी टेम्प्लेटांच्या संख्येत झुंजावे, हे शहाणपणाचे वाटत नाही. रफाराच्या शुद्धतेत मात्र तो तिला गाठू शकतो, कदाचित मागेही टाकू शकतो.

वीज गेली तर

अवजाराची निवड ठरवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे ग्राहकाच्या हातातील यंत्र. मोबाइलच्या कॅमेऱ्याचे बारा मेगापिक्सेलचे छायाचित्र फाइल म्हणून तीन-चार एमबीचे भासते. ते पडद्यावर उघडले की प्रत्येक बिंदूला चार बाइट लागतात आणि चार हजार गुणिले तीन हजार बिंदूंचे अठ्ठेचाळीस एमबी होतात. अशी पाच छायाचित्रे एका फलकावर आली, आणि 'मागे घ्या' या बटणासाठी दर पायरीची प्रत साठवत गेले, तर स्वस्तातला फोन ब्राउझरच बंद करून टाकतो. म्हणून कसलेला विकसक चित्रांच्या प्रती साठवत नाही. 'गुलाब वर सरकवला', 'रंग बदलला' अशा आज्ञांची नोंद ठेवतो आणि मागे जाताना त्या उलट फिरवतो. ती मघाची वही येथेही कामाला येते.

चौकातल्या फलकाचे गणित तर याहून मोठे. वीस फूट लांब आणि दहा फूट उंच फलक इंचाला बहात्तर बिंदू या साध्या दर्जाने छापायचा म्हटला, तरी सुमारे पंधरा कोटी बिंदू होतात आणि स्मृतीत सहाशे एमबी जागा अडते. ब्राउझरमध्ये हे पूर्ण आकारात उघडणे व्यवहार्य नाही. पडद्यावर लहान रूप दाखवायचे, मूळ आकार सूत्रांतून जपायचे आणि अंतिम फाइल सर्व्हरवर तयार करायची, हाच मार्ग उरतो.

सर्व्हर म्हटला की जाळे आले, आणि जाळे म्हटले की भारनियमन आठवते. गोठ्यात बसून काम केलेल्यांना हे कोणी शिकवायला नको. ब्राउझरमध्ये आता यंत्रातच मजकूर साठवण्याची आणि जाळे तुटले तरी पान चालू ठेवण्याची सोय आहे. केलेला प्रत्येक बदल आधी फोनमध्ये लिहायचा आणि जोडणी आली की सावकाश सर्व्हरकडे पाठवायचा, अशी रचना सुरुवातीपासून केली तर वीज गेल्यावर ग्राहकाचे काम वाचते. ती नंतर घुसडायची म्हटली तर निम्मी आज्ञावली पुन्हा लिहावी लागते. मुंबई-पुण्यात वातानुकूलित खोलीत बसून बनवलेल्या कितीतरी साधनांत ही रचना नसते, कारण बनवणाऱ्याला तिची गरज कधी भासलेलीच नसते.

भगत यांनी गावातील ज्या मित्रांना ॲनिमेशन आणि रचना शिकवली, त्यांच्यामुळे एक गोष्ट सोपी झाली असावी: साधन बनवणारे आणि ते रोज वापरून टेम्प्लेट घडवणारे एकाच छपराखाली बसले होते. ऊसतोडीसाठी दरवर्षी माणसे बाहेर पाठवणाऱ्या जिल्ह्यात ही लहान बाब नव्हे.

वाचकांना आपल्या हातातील साधन तपासून पाहायचे असेल, तर त्यासाठी तज्ज्ञाची गरज नाही. ब्राउझरमधील कोणताही चित्रफलक उघडावा आणि 'आचाऱ्यास, लक्ष्मी, स्त्री, शृंगार, दऱ्या' ही पाच अक्षरसंगती टंकावी. मग मजकूर कमानीवर चढवावा, अक्षरांतील अंतर वाढवावे, शेवटून एकेक अक्षर खोडत जावे, फोनचे इंटरनेट बंद करून पान पुन्हा उघडावे, आणि अखेरीस पीडीएफ काढून त्यातला मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवावा. आचाऱ्याचा आचार्य झालेला नसेल, तर पत्रिका छापायला द्यायला हरकत नाही.